उलट्या बाजूने पाहताना : जुने रंगीत वुडकट जमवण्याची नोंदवही

१२ ऑक्टोबर

आजपासून वही. म्यूनिकमध्ये राहून १८९५ ते १९३० या काळातले युरोपीय रंगीत वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळे कोरून त्यांच्यावरून छापलेली चित्रं, जमवायचे. वर्षाचं बजेट ५०० युरो. हेच करू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून चुकांसकट लिहितेय. माझं चित्रकलेचं शिक्षण म्हणजे शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, तीही सी ग्रेड.

वेड लागलं ते एमिल ऑर्लिकमुळे. प्रागचा हा चित्रकार १९०० मध्ये जपानला गेला आणि ठसे कोरून छापायची तिथली पद्धत कारागिरांकडून शिकून आला. त्याची तीन वुडकट आहेत: एकात जपानी चित्रकार, दुसऱ्यात कोरणारा, तिसऱ्यात छापणारा. जपानात ही तीन माणसांची तीन कामं. ऑर्लिक आणि त्याच्या मागचे बरेच युरोपीय चित्रकार ही तिन्ही कामं स्वतःच करायला लागले. ते तिसरं चित्र, बैठक मारून कागदावर चकती घासणाऱ्या माणसाचं, मी पुस्तकात पाहिलं आणि अडकले.

ऑर्लिक अर्थातच परवडणार नाही. पण दाखाऊ गाव इथून लोकलने अर्ध्या तासाच्या आत. रंगीत वुडकट करणारा कार्ल थीमान १९०८ मध्ये तिथे आला आणि १९६६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच्याबरोबर आलेला वाल्टर क्लेम १९१३ मध्ये वायमारला शिकवायला गेला. दोघेही कार्लस्बाडचे, प्रागमध्ये दोघांचा स्टुडिओ एकच. म्हणजे माल याच भागात फिरत असणार, असा माझा हिशोब.

१९ ऑक्टोबर

पहिली खरेदी, पहिली फसगत. ऑनलाइन लिलावात "मूळ रंगीत वुडकट, साधारण १९००", ३५ युरो, वर टपाल ८. फोटोत छान दिसत होतं. पाकीट उघडलं, कागद गुळगुळीत आणि थोडा चमकदार. तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण मान्य करायला दोन दिवस घेतले.

आज दहापट मोठं दाखवणारं भिंग आलं (१६ युरो). चित्रातलं हिरवं शेत भिंगाखाली बघितलं तर शेत नाहीच, ठिपके. एका मापाचे, ओळीत, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. जुन्या मासिकातलं पान कापून विकलं होतं. मागच्या बाजूला मजकुराची पुसट सावलीसुद्धा आहे. विकणाऱ्याने मागच्या बाजूचा फोटो टाकलाच नव्हता आणि मीही मागितला नव्हता.

म्हणून नियम पहिला: भिंग आधी, चित्र नंतर. हे ४३ युरो गेले.

९ नोव्हेंबर

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक निसर्गचित्र, ७० युरो. दुकानदार म्हणाला वुडकट. भिंग लावलं. सरळ ओळीतले ठिपके नव्हते, पण बारीक, वाळू सांडल्यासारखे रवाळ कण होते, एकावर एक पाच-सहा रंगांचे.

हे कण ओळखीचे होते. आजीच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, मळवलीच्या छापखान्यातली. काच फुटल्यावर फ्रेम बदलायला काढली तेव्हा लहानपणी मी तिच्या गालाला नाक लावून बसले होते. गाल म्हणजे नुसते गुलाबी आणि पिवळे टिंब. तो छापखानाही शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडेच गेला होता. असो. ही शिळाछपाई, दगडावरची. लाकूड नाही. चित्र वाईट नव्हतं, पण मी ते जमवत नाही. ७० युरो वाचले, आजीच्या कृपेने.

१४ डिसेंबर

पहिलं खरं लाकूड, ६० युरो. बर्फातलं खेडं, तीन रंग. खाली समासात छापील अक्षरात चित्रकाराचं नाव आणि व्हिएन्नाच्या प्रकाशकाचं. पेन्सिलीची सही नाही.

व्हिएन्नामध्ये मुद्राचित्रांची एक संस्था होती, तिचं मोठ्या आकाराचं मासिक १८७९ ते १९३३ निघत होतं. त्यात मूळ ठोकळ्यांवरून छापलेली चित्रं घालत. बर्लिनच्या 'पान' मासिकातही तेच: पीटर बेरेन्सचं दोन चेहऱ्यांचं 'चुंबन' हे सहा रंगांचं वुडकट १८९८ मध्ये त्यातूनच बाहेर पडलं. म्हणजे मासिकातलं असलं की खोटंच, असं नाही. ठोकळा चित्रकाराचा, छपाई यंत्रावरची. सही नसते आणि प्रती पुष्कळ, म्हणून स्वस्त.

भिंगाखाली रंगाचा पट्टा सपाट, सलग, ठिपका नाही. प्रत्येक आकाराच्या कडेला मात्र गडद बारीक रेघ. तेलातली शाई यंत्राने दाबली की ती बाजूला सरकते आणि कडेला साचते, त्याची ही रेघ. कागद उलटा करून बोट फिरवलं तर आकार उठून लागतात. छान वाटलं. पण हातछपाईत काय दिसतं ते अजून माहीत नाही.

११ जानेवारी

पाण्यावर दोन बदकं. १२० युरो, काच आणि फ्रेमसकट. खाली पेन्सिलीने सही, तिचं पहिलं अक्षरसुद्धा वाचता येत नाही. डावीकडे मात्र स्वच्छ लिहिलंय: 'हांडद्रुक', हातछपाई. दुकानदाराने क्लेमचं नाव सुचवून पाहिलं. बदकं काढली म्हणजे क्लेम होत नाही. तसं असतं तर त्यानेही १२० ला दिलं नसतं.

घरी फ्रेम उघडली. मागे पुठ्ठा, त्यामागे १९३४ चं वर्तमानपत्र, आणि चित्र वरच्या कडेला तपकिरी गोंदपट्टीने चिकटवलेलं. समोरची माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, चौकट उचलली आणि दोन गोष्टी दिसल्या.

एक, पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागदावर चौकटीच्या आतल्या कडेबरोबर तपकिरी रेघ जाळली आहे. दोन, चौकटीखाली झाकलेली चित्राची चार मिलिमीटरची पट्टी अजून निळी आहे. गडद, ओली निळी, पहाटेच्या तळ्याची. बाहेरचं सगळं पाणी राखाडी. मी हे चित्र राखाडी म्हणून विकत घेतलं होतं, राखाडी म्हणून मला आवडलं होतं. चित्रकाराने ते निळं छापलं होतं. नव्वद वर्षं कुणाच्या तरी खिडकीसमोर टांगलेलं असणार.

रंग परत आणता येत नाही. पुठ्ठा आणि वर्तमानपत्र काढलं, तात्पुरतं आम्लविरहित कागदात ठेवलं. पट्टीला हात लावला नाही. हा शहाणपणा पुढच्या महिन्यात टिकला नाही.

२ फेब्रुवारी

हे लिहायला दोन दिवस घेतले.

बर्फाच्छादित डोंगर, पायथ्याशी लाल छपराचं घर, ९५ युरो. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या बाजूचं काम असावं, कोपऱ्यात फक्त मोनोग्राम, म्हणजे आद्याक्षरांची खूण. पूर्ण पाठ पुठ्ठ्याला चिकटवलेली. पुठ्ठा तपकिरी, ठिसूळ, आम्लाने भरलेला. तसाच ठेवला तर कागदाला खाणार. मी काय केलं: ओला टिपकागद मागच्या पुठ्ठ्यावर ठेवला, वर प्लास्टिक, वर जाड पुस्तक, पाऊण तास. जुना डिंक पाण्याने सुटतो, हे बरोबरच आहे. पुठ्ठा पदर पदर सुटूही लागला.

उलटं करून पाहिलं तर छपराचा लाल रंग बर्फात उतरला होता. खाली दोन सेंटिमीटर, गुलाबी ओघळ. टिपकागदाने टिपलं तर आणखी पसरला.

चूक कुठे झाली ते पाच मिनिटांत कळलं, पण उशिरा. मी यंत्रावरच्या तेलशाईचाच विचार करत होते. हातछपाईच्या या चित्रांत जपानी पद्धतीने पाण्यातला रंग वापरलेला असू शकतो. बहुतेक रंग कागदात मुरून पक्के बसतात, पण काही लाल आणि जांभळे तसे नसतात. हे काम करणारे लोक आधी प्रत्येक रंगावर, कोपऱ्यात, पाण्याचा इवलासा थेंब ठेवतात, मिनिटभराने पांढऱ्या टिपकागदाने टिपतात, आणि टिपकागदावर रंग आला की तिथेच थांबतात. दोन मिनिटांचं काम होतं. निळ्यावर मी ते केलंसुद्धा होतं. लाल छप्पर एवढंसं म्हणून सोडलं.

नवरा म्हणाला, "सूर्यास्त समज." मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही.

हे चित्र टाकून देणार नाही, अभ्यासाला राहील. ओल्या कामावर मात्र बंदी.

४ मार्च

आई साताऱ्याहून आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सामानात दोन किलो मेतकूट आणि गोडा मसाला. माझ्या चित्रांकडे पाहून म्हणाली, "एवढ्या पैशात एखादं नवीन नाही का मिळत?"

काम अडलं होतं चिकटवण्यापाशी. चित्र माउंटला कधीही पूर्ण चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी पातळ कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या लावायच्या (कागद १२ युरो), आणि खळ अशी हवी की उद्या कुणाला काढावीशी वाटली तर किंचित ओलाव्याने सुटेल. त्यासाठी गव्हाचा स्टार्च लागतो. मैदा चालत नाही, त्यातल्या चिकट भागामुळे खळ पुढे पिवळी आणि कडक होते. गहू धुऊन तो भाग काढून टाकलेला, खाली बसलेला पांढरा साका हवा.

आई भाजी निवडत ऐकत होती. "म्हणजे कुरडयांचा चीक."

म्हटलं, म्हणजे? म्हणाली, "अगं, गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी ओतायचं. खाली राहतो तो काय मग?"

मी तोच पदार्थ ऑनलाइन, छोट्या बरणीत, परवडणार नाही अशा भावात पाहत होते.

९ मार्च

चीक तयार. गहू तुर्की दुकानातले. पहिला घाणा शिजवून दूध-साखर घालून आम्ही खाऊन टाकला, ते प्रयोगाचा भाग म्हणून लिहिते. दुसऱ्यात मीठ-हिंग घालायला तिचा हात आपोआप गेला होता, वेळेत धरला.

एक अडचण आली. तीन दिवस भिजलेला गहू आंबतो. चिकाला पीएच मोजायची पट्टी लावली तर आम्लता स्पष्ट, ५ च्या आसपास. आम्लाने जळलेली चित्रं वाचवायला आम्लाची खळ कशी चालेल? साका परत ताज्या पाण्यात ढवळला, बसू दिला, पाणी ओतलं. असं चार वेळा, दीड दिवस गेला. मग पट्टी ७ च्या जवळ, म्हणजे आम्ल जवळजवळ नाही. मंद आचेवर ढवळत शिजवला, गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून दोनदा दाबून काढला. गुठळी राहिली तर ती बिजागरीखाली पुटकुळी होऊन बसते.

आईची दुसरी सूचना मोरचुदाची. आजोबा वह्या-पुस्तकं बांधायचे, खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, बुरशी आणि कसर लागत नसे. ते खरं आहे. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याने कागद काही वर्षांत तपकिरी होऊन तुटायला लागतो. शंभर वर्षं टिकवायच्या गोष्टीत नको. आई म्हणाली, "आजोबांची पुस्तकं अजून आहेत." म्हटलं, त्यांच्या कडा बघितल्यास का? तो विषय तिथे थांबला. उरलेली खळ फ्रिजमध्ये, पाच दिवसांत संपवायची, नाहीतर फेकायची.

बदकांना बिजागऱ्या लागल्या. नवं माउंट, आम्लविरहित पुठ्ठा, आणि ठेवायची पेटी असे सगळे मिळून ६२ युरो. जुनी गोंदपट्टी अजून तशीच आहे, ती एखाद्या जाणत्या माणसाकडूनच काढून घेईन.

१६ मार्च

हातछपाई ओळखायची तर एकदा स्वतः छापून पाहायला हवं, असं ठरवलं. बदकांच्या चित्राचा एक कोपरा घ्यायचा, एकच बदक, १२ बाय १५ सेंटिमीटर, चार रंग, चार ठोकळे. पद्धत फ्रँक मॉर्ली फ्लेचर यांच्या १९१६ च्या पुस्तकातली. १८९० च्या दशकात त्यांनी आणि जॉन डिक्सन बॅटन यांनी इंग्लंडमध्ये हीच जपानी पद्धत पुस्तकं वाचून आणि चुका करत बसवली. त्यांना चेरीचं लाकूड हवं असतं. मी शीना प्लायवुडचे चार तुकडे घेतले, २७ युरो. कोरण्या ३८.

पहिला दिवस पूर्ण वाया गेला, आणि तोही काळ्या बाह्यरेषेचा ठोकळा कोरण्यात. पाच तास. संध्याकाळी मूळ चित्र शेजारी ठेवलं आणि दिसलं की मुळात बाह्यरेषाच नाही. बदकाची कड म्हणजे जिथे तपकिरी संपतो आणि पाणी सुरू होतं ती जागा. दोन महिने ते चित्र माझ्याकडे आहे, आणि मला त्यात रेघ दिसत होती.

ही युक्ती जपानी सुद्धा म्हणायला नको. इथून तासाभरावर आउग्सबुर्गला हान्स बुर्कमायरच्या चित्रावरून योस्ट द नेग्करने १५१० मध्ये तीन ठोकळ्यांचं वुडकट केलं, प्रेमी युगुलावर झडप घालणाऱ्या मृत्यूचं. त्यात स्वतंत्र रेषेचा ठोकळा नाही, तिन्ही ठोकळे मिळून चित्र होतं, एकटा कुठलाच पुरा नाही. चारशे वर्षांनी हेच लोक तेच जपानकडून शिकून आले.

२३ मार्च

रेषेचा ठोकळा बाजूला ठेवला. तपकिरी ठोकळा कोरला, हौसेने एक प्रत काढली. बदक उलट्या दिशेला पोहत होतं. आराखडा आरशासारखा उलटा उतरवायला विसरले. हे दर पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. नवा तुकडा, ७ युरो.

नोंद म्हणून: पटाशी आपल्याकडे ओढायची नाही, सुरी ओढायची. डाव्या अंगठ्याला तीन टाके पडता पडता राहिले.

६ एप्रिल

आज छपाई. सगळे रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून प्रत्येक ठोकळ्यावर दोन खाचा असतात: उजव्या कोपऱ्यात काटकोनी, डावीकडे सरळ. कागदाची कड दर वेळी त्यातच टेकवायची. खाचा मी केसाइतक्या अचूक कोरल्या होत्या, त्याचा अभिमान होता.

पहिला रंग उत्तम. दुसरा उत्तम. तिसऱ्याला निळा बदकाच्या पाठीवर दोन मिलिमीटर चढला. चौथ्याला बदकाची चोच पाण्यात. बारा कागदांपैकी बाराही असे.

खाचा बरोबर होत्या, कागद बदलला होता. छापताना कागद ओलसर लागतो, आणि ओला कागद फुगतो. मी रंग बदलेपर्यंत, ब्रश धुवेपर्यंत, चहा घेईपर्यंत तो वाळत आणि आक्रसत होता. घरातली हवा हीटरने कोरडी. पुस्तकात 'कागद सारखा ओलसर ठेवा' एवढंच वाक्य आहे. कसा, ते नाही. मी ब्रशने एकेक कागद ओला करत होते, म्हणजे मधे ओला, कडेला कोरडा.

आई इस्त्रीला बसली होती. "सुती साडी कशी करतो आपण? पाणी शिंपडायचं, घट्ट गुंडाळायची, तासभर ठेवून द्यायची. ओलावा सगळीकडे सारखा पोचतो." तसंच केलं, गुंडाळण्याऐवजी थप्पी लावली: ओला साधा कागद, दोन चांगले कागद, परत ओला, वर प्लास्टिक, रात्रभर. छापताना फक्त हातातला कागद थप्पीबाहेर, बाकी प्लास्टिकखाली.

१३ एप्रिल

आता रंग जुळतात, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. बारापैकी चार प्रती दाखवण्यासारख्या.

नवी भानगड: निळ्या पाण्यात पांढरे ठिपके, तीळ पेरल्यासारखे. रंग लाकडावर ब्रशने लावताना त्यात भाताच्या खळीचा ठिपका मिसळायचा असतो, त्याने तो सलग बसतो. मी कंजूसपणा केला होता. खळ वाढवली तर ठिपके गेले, पण रंग साखरेच्या पाकासारखा कडेला साचला. तिसऱ्या प्रयत्नात मोहरीएवढी खळ आणि दुप्पट जोराने घासणं, तेव्हा जमलं. घासायची चकती, तिला बारेन म्हणतात, २४ युरोची साधी घेतली आहे. कागद ४५ युरोचा, त्यातला निम्मा आता रद्दी.

मुद्दा पुढे आहे. वाळलेली प्रत मी सवयीने उलटी केली आणि खिडकीशी तिरकी धरली. मागे चकतीच्या फेऱ्या दिसत होत्या. पुसट, चकाकणाऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या गोल रेघा, ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर राहतात तशा. आणि निळा रंग कागदातून आरपार मागे आला होता.

पळत जाऊन बदकांचं माउंट उघडलं. बिजागरीवर चित्र पुस्तकाच्या पानासारखं उलटलं. त्याच रेघा. उजव्या बाजूला दाट, डावीकडे विरळ, म्हणजे छापणारा उजव्या हाताचा आणि शेवटी शेवटी कंटाळलेला. आणि पाण्याचा निळा. समोर उन्हाने राखाडी झालेला रंग मागे अजून निळा होता, कारण पाठीला नव्वद वर्षं ऊन लागलं नव्हतं. तीन महिने मी हे चित्र एकाच बाजूने बघत होते.

व्हिएन्नाच्या खेड्याचंही पान उलटलं: नुसता दाब, फेरी एकही नाही, रंग आरपार नाही. डोंगराच्या बिघडलेल्या चित्रामागे पुठ्ठ्याचे पापुद्रे अजून चिकटलेत, पण जिथे सुटलाय तिथे फेऱ्या आहेत. होत्या तर खऱ्याच.

एप्रिलचा तिसरा आठवडा

टेरेसीनवीसच्या मैदानावर वसंतातला मोठा जुना बाजार. आई, मी, थर्मास. दुपारपर्यंत काही नाही. मग जुन्या फ्रेमांच्या ढिगात एक पांढुरकं, अगदी फिकं चित्र: दलदल, दोन बर्चची झाडं, पिवळसर आकाश. मोनोग्राम अनोळखी. बाई म्हणाली, चित्र छापील नक्कल आहे, पैसे फ्रेमचे, ४०.

मी विचारलं, मागून उघडून बघू का? तिने पक्कड दिली. खिळे काढले, पुठ्ठा उचलला. चित्र मोकळंच होतं, कुठे चिकटवलेलं नाही. उलटं करून उन्हाकडे तिरकं धरलं. गोल रेघा सगळीकडे, आणि आकाशाच्या जागी समोर नसलेला गुलाबी. आकाश वर गुलाबी, खाली पिवळं, मधे ब्रशने ठोकळ्यावरच विरवलेलं. समोरून गुलाबी उडालाय.

आई मराठीत म्हणाली, "तोंड सरळ ठेव." मी ४० दिले. घासाघीस केली नाही, आवाज स्थिर राहिला नसता.

थीमानने दाखाऊच्या दलदलीतली बर्च बरीच केली, म्हणून घरी येऊन दोन तास त्याच्या सह्या ताडून पाहिल्या. नाही. तो नाही. त्याच्या आसपास शिकलेलं कुणीतरी असेल. चित्र चांगलं आहे, एवढं पुरे.

१८ मे

एका लिलावाच्या आधीच्या प्रदर्शनात आईला घेऊन गेले. चार्ल्स बार्टलेट या इंग्रज चित्रकाराची भारतातली दृश्यं होती. तो १९१३ मध्ये भारतात फिरला, मग जपानला गेला, आणि १९१६ पासून वातानाबे या प्रकाशकाने त्याच्या चित्रांवरून वुडकट काढली. आई एका घाटाच्या चित्रापाशी बराच वेळ उभी होती. पायऱ्यांवरच्या बायकांचे पदर बरोबर आलेत, म्हणाली.

त्यात कोरणारे आणि छापणारे जपानी आहेत, आणि हात इतके सराईत की आकाशाच्या छटेत कुठे सुरुवात कुठे शेवट कळत नाही. माझ्या बर्चच्या आकाशात कळतं. तिथे चित्रकार स्वतःच ब्रश घेऊन धडपडलाय, अर्ध्या सेकंदाने उशीर झालाय, तेवढा पट्टा दिसतो. मला आता ते जास्त आवडतं. किमती मात्र माझ्या संबंध वर्षाच्या वर, त्यामुळे माझ्या आवडीला तसाही काही अर्थ नाही.

२५ मे

आई परवा गेली. हिशोब केला.

चित्रं: मासिकाचं पान ४३, व्हिएन्नाचं खेडं ६०, बदकं १२०, बिघडवलेला डोंगर ९५, बर्च ४०. एकूण ३५८. सामान: भिंग १६, कोरण्या ३८, लाकूड २७ आणि उलट्या बदकापायी ७, बारेन २४, छपाईचा कागद ४५, माउंट आणि पेटी ६२, बिजागरीचा कागद १२. एकूण २३१. सगळे मिळून ५८९, म्हणजे ८९ जास्त. गव्हाचे पैसे धरलेले नाहीत, ते बरेचसे पोटात गेले.

वेळेचं म्हणाल तर कोरणं-छापणं सात शनिवार-रविवार. त्यातला निम्मा वेळ आधी चांगल्या चित्राची पाठ बघितली असती तर वाचला असता असं वाटतं, पण स्वतः घासल्याशिवाय त्या फेऱ्या दिसल्याच नसत्या. त्या बदकांमागे होत्याच की जानेवारीपासून.

चारपैकी सगळ्यात बरी प्रत आईला दिली. तिने पहिल्यांदाच मागितली काही.

८ जून

आईचा फोन. बदक फ्रेम करून लावलं. माउंट लावून घेतलंस ना, काचेला कागद टेकला नाही ना, सगळं विचारलं. हो, फ्रेमवाल्याला तिने चीकसुद्धा घरून करून दिला.

कुठे लावलंयस?

"हॉलमध्ये, खिडकीच्या समोर. सकाळचं ऊन थेट पडतं बघ त्याच्यावर. निळा काय खुलतो!"